मऊ लोखंड

आमच्या घरी 'स्टील' म्हणजे ताटं, वाट्या आणि डबे. मोटारसायकलची चेसी, खिडकीचे गज, वखराची पास, बैलगाडीच्या चाकाची धाव हे सगळं 'लोखंड'. आणि 'पोलाद' हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात. मी चाकणला एका कारखान्यात धातू तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतो. तिथे या तिन्हींना मिळून 'मटेरियल' म्हणतात, म्हणजे प्रश्नच मिटला. तसं बघितलं तर ही तिन्ही पोलादंच. बाजारात लोखंड म्हणून जे मिळतं त्यातही वरणातल्या मिठाइतका कार्बन असतोच, आणि त्याचं मिठासारखंच आहे. चिमटीचा फरक पडला की चव बदलते. शंभर किलोत पाव किलोच्या आत कार्बन असला तर ते मऊ, वाकणारं, वेल्डिंगला सोपं. अर्धा-पाऊण किलो झाला की त्याच्या कमानी, विळे आणि कुऱ्हाडी होतात.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या मामाची मोटारसायकल.

माझं आजोळ मालेगावजवळचं. (थांबा, नाशिकचं नव्हे. प्रत्येक वेळी हे सांगावं लागतं.) आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, कागदोपत्री मालेगाव जहांगीर. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना भेटतात. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा काही गाड्या तिकडे वळल्या, पण गावाची सवय ट्रकचीच. त्यामुळे गावात गॅरेज, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि भंगार यांची कमतरता कधीच नव्हती.

मामाची गाडी शंभर सीसीची, वाशीम जिल्हा व्हायच्या आधीची. जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला, म्हणून मामाच्या नंबरप्लेटवर अजून एमएच-30 आहे, अकोल्याचा. नंतरच्या गाड्यांना एमएच-37. मामा रोज पहाटे गावातलं दूध गोळा करून मालेगावात रतीब घालतो. मागे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे एका कॅनमध्ये एकेचाळीस किलो धरा. दोन कॅन, त्यांचं स्वतःचं वजन, कॅन अडकवायचा लोखंडी सांगाडा मिळून हे शंभर किलोवर जातं. एवढी तर गाडीच आहे. आणि पुढे टाकीवर नात. तिची शाळा मालेगावात आणि दुधाची वेळ झाली की शाळेची वेळ होते.

मागच्या वर्षी पोळ्याला गेलो तेव्हा मामा म्हणाला, "भासेबुवा, गाडी मांगून झोले खाते, जरा पाय बरं." बैलांची शिंगं रंगवणं चालू होतं, त्यातच गोठ्याच्या भिंतीशी गाडी आडवी केली. डाव्या शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे चेसीला बसतो, त्याच्या मागे पाईपला चीर गेली होती. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ती जागा आधीच एकदा वेल्ड केलेली होती. उन्हाळ्यात तिथेच चीर दिसली म्हणून मामानं एका दुकानातून काम करून आणलं होतं. त्या दुकानात ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा हातभर तुकडा कापून पाईपवर बसवून दिला आणि सांगितलं, आता जन्मभर हलत नाही. चार महिन्यांत हललं.

मामाचं म्हणणं साधं होतं. "पाटा त शाबूत हाये. तुटलं ते बाजूचं." म्हणजे आता बाजूलाही पाटा मारला की झालं!

मंडळी, हसू नका. हा विचार आपण सगळेच करतो. जिथे तुटलं तिथे आधीपेक्षा जास्त मजबूत काहीतरी लावायचं. ट्रकचा पाटा वर्षानुवर्षं टनावारी माल सोसतो, त्याच्याहून मजबूत गावात दुसरं काय मिळणार? पण चिरेजवळ भिंग धरून बघितलं तर तिथे एक नाही, दोन चिरा होत्या. एक पाट्याच्या अंगाला, वेल्डच्या कडेनं सरळ पळालेली. ती जागा उघडली तेव्हा आत काचेसारखी दाणेदार चमक होती, कुठेही वाकल्याची, ताणल्याची खूण नाही. दुसरी चीर पाईपच्या अंगाला, पाटा संपतो नेमकी तिथे.

या दोन चिरांची कारणं वेगळी आहेत आणि दोन्ही पाट्याच्या मजबुतीतूनच आलेली आहेत.

पहिलीचं कारण मला लॅबमध्ये जसं शिकवलं होतं तसं मी मामाला सांगायला गेलो आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की काही पोचत नाहीये. ते पोचवलं बाजाराच्या बाजूला भाता चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. ते वखराच्या, डवऱ्याच्या पाशी करतात, विळे शेवटतात आणि वेल्डिंगही करतात. आम्ही गाडी घेऊन गेलो तर त्यांनी पाट्याच्या तुकड्याकडे बघून मामालाच विचारलं, "हा पासीचा माल इथं काऊन लावला?" मग म्हणाले, "ज्या लोखंडाले पाणी चढते ना भाऊ, ते जोडाच्या कामाचं नाई."

झालं. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान एका वाक्यात. गावात सगळ्यांना ठाऊक आहे की पास लाल करून पाण्यात बुडवली की तिला 'पाणी' चढतं, ती कडक होते. आणि नुसतं पाणी देऊन सोडली तर दगडावर बसताच कपचा उडतो, म्हणून परत थोडी गरम करून तिचा कडकपणा उतरवावा लागतो. हे फक्त कार्बन जास्त असलेल्या लोखंडाला होतं. मऊ लोखंड कितीही लाल करून बुडवा, त्याची पास होत नाही. आता वेल्डिंग म्हणजे काय? दीड हजार अंशांचा एक छोटासा ठिपका, आणि त्याच्या भोवती गार लोखंडाचा मोठा तुकडा. ठिपका पुढे सरकला की मागची उष्णता ते गार लोखंड क्षणात ओढून घेतं. पाण्याचा थेंबही न लावता पाट्याला पाणी चढतं, तेही फक्त वेल्डच्या कडेच्या एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, आणि ते उतरवायला कोणी भात्यात घालत नाही. वेल्ड बाहेरून छान दिसतो, पण कडेला एक कपच्या उडणारी पास तयार झालेली असते. त्यात वेल्डिंग रॉड दमट असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन त्या कडक पट्ट्यात शिरतो आणि चीर कधी कधी काही तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा पडते. गिऱ्हाईक पैसे देऊन घरी गेलेलं असतं.

दुसऱ्या चिरेचं कारण समजायला अजून सोपं. चेसीचा पाईप जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा, त्यावर बोटभर जाड पाटा. पाट्याखालचा पाईप वाकूच शकत नाही. मग रोजच्या खड्ड्यांचं सगळं वाकणं पाटा संपतो त्या एका रेघेवर येतं, आणि त्या रेघेवर आडवा वेल्ड! तार आपण कशी तोडतो? एकाच जागी इकडे-तिकडे वाकवून. मामाचा रस्ता आणि मामाचे कॅन तेच करत होते, रोज, हजारो वेळा.

इथे एक गोष्ट सांगतो, जी मलासुद्धा पहिल्यांदा ऐकली तेव्हा खोटी वाटली होती. एकाच मापाच्या दोन पट्ट्या घ्या, एक मऊ लोखंडाची, एक कमानीच्या पाट्याची. दोन्हींवर सारखं वजन टांगा. दोन्ही सारख्याच वाकतात! कमान जास्त 'ताठ' नसते. फरक एवढाच की मऊ पट्टी लवकर कायमची वाकडी होते आणि कमान खूप वाकूनही परत सरळ येते. म्हणजे गाडी झोले खाते म्हणून मजबूत जातीचं लोखंड लावण्यात काही अर्थ नाही. ताठपणा येतो पाईपच्या व्यासातून, जाडीतून आणि त्रिकोणी आधारातून. आणि वारंवार हिसके खाऊन तुटण्याच्या बाबतीत तर वेल्ड केलेला सांधा सगळ्यांना एका पातळीवर आणतो. लोखंड दुप्पट ताकदीचं घेतलं म्हणून सांध्याचं आयुष्य वाढत नाही, कारण चीर सुरू होते वेल्डच्या कडेच्या खाचेतून, आणि ती खाच स्वस्त लोखंडात असते तशीच महागातही असते.

तेव्हा आम्ही लोखंड शोधायला निघालो ते मजबूत नव्हे, मऊ. मिस्त्रींच्या दुकानात कोपऱ्यात ढीग होता. त्यांची परीक्षा ग्राइंडरची. तुकडा लावायचा आणि ठिणग्या बघायच्या. पाटा लावला तर जवळच दाट फुलं फुटली, दिवाळीतल्या फुलझडीसारखी. चेसीचाच पाईप जरा लावला तर लांब, सरळ, पिवळ्या रेघा आणि अधेमधे एखादं फूल. जे फुटतं ते कार्बन. आमच्या लॅबमध्ये याच कामाला स्पेक्ट्रोमीटर आहे, तो टक्केवारीचे तीन-तीन आकडे देतो. पण 'हे वेल्ड करू की नको' एवढंच विचारायचं असेल तर ग्राइंडर पुरे. मिस्त्रींनी मग कानस मारून बघितली. कानस धरते का घसरते यावरूनही कळतं. नात शेजारी उभी राहून फुलझडी आणखी एकदा दाखवा म्हणत होती, त्यांनी दाखवली.

ढिगात काय काय होतं! सळईचे तुकडे होते, घरबांधणीतले, टीएमटीचे. कॅरिअरला लोक सर्रास लावतात. पण या सळया कारखान्यातच लाल असताना पाण्याच्या फवाऱ्याखालून काढलेल्या असतात, त्यांची ताकद त्या वरच्या कडक सालीत असते, आणि वेल्डनं नेमकी ती साल त्या जागी मऊ पडते. कॅन अडकवायच्या कडीला चालेल एखादवेळी, चेसीला मी लावणार नाही. जीआय पाईप तर ढीगभर, शेतात तुषारच्या, बोअरच्या कृपेनं कुठेही मिळतो. आतलं लोखंड मऊच असतं, तक्रार वरच्या जस्ताची. लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, साधारण नऊशे अंशांना जस्ताची वाफ होते. ती वेल्डमध्ये बुडबुडे करते आणि वेल्डरच्या छातीत जाते. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो तो त्याचाच. मिस्त्रींना तो ताप तरुणपणी येऊन गेलेला होता.

पाईपचं आणखी एक त्रांगडं आहे, दुकानात जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं. पाण्याचा 'एक इंची' पाईप बाहेरून एक इंच नसतो, 33.7 मिलिमीटर असतो. तो आतल्या पोकळीच्या नावानं ओळखला जातो. गाडीच्या चेसीची ट्यूब मात्र बाहेरच्या मापानं. म्हणून चेसीचा पाईप कॅलिपरनं मोजून, कागदावर मिलिमीटर लिहून न्यावा आणि काळी ईआरडब्ल्यू ट्यूब मागावी. म्हणजे पट्टी गोल करून विजेनं शिवण घातलेली, जस्त नसलेली. वाहनांच्या ट्यूबसाठी भारतीय मानक वेगळं आहे, आयएस 3074. पाण्याच्या पाईपचं आयएस 1239. किरकोळ गिऱ्हाईकाला दुकानदार मानकाचा कागद दाखवील अशी आशा करू नका. पण माप, जाडी आणि ठिणगी या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

मामेभावाचं मत वेगळं होतं. त्यानं मोबाईलवर बघून ठेवलं होतं, रेसच्या गाड्यांना क्रोमोली वापरतात, 4130 नावाची, ऑनलाइन मिळते, मागवू या! क्रोमोली वाईट नाही. पण तिच्यात कार्बन असतो 0.3 टक्क्याच्या आसपास, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, आणि हे दोघं 'पाणी चढायला' कार्बनला मदत करतात. पातळ ट्यूब, चांगला टिग वेल्डर, वारा नसलेली खोली असेल तर ठीक. 1950 साली नॉर्टन कंपनीनं मॅकँडलेस बंधूंनी रचलेली फेदरबेड चेसी शर्यतीत उतरवली, तिची गोष्ट मी त्याला सांगितली. ती रेनॉल्ड्सच्या 531 नावाच्या मँगनीज-मॉलिब्डेनम ट्यूबची होती. आणि एवढ्या चांगल्या ट्यूबचे सांधे त्यांनी वितळवून जोडले नाहीत, ब्राँझ भरून जोडले, कारण ब्राँझला उष्णता कमी लागते आणि ट्यूबची ताकद उतरत नाही. भारी लोखंड घेतलं की त्याचे नखरे सांभाळणारा कारागीर आणि पद्धतही लागते. मामाच्या चेसीचा बाकीचा सगळा पाईप मऊच आहे, त्यात वीतभर क्रोमोली घालून काय मिळवायचं होतं? भावाचा चेहरा जरा उतरला, पण फेदरबेडचे फोटो मात्र त्यानं नंतर बराच वेळ बघितले. :)

ट्यूब शेवटी अकोल्याहून आणली, हातभर. एक तुकडा चेसीच्याच मापाचा, दुसरा तिच्या आत घट्ट बसेल असा. पाट्याचा सगळा भाग कापून टाकला, वेल्डच्या कडेचा कडक पट्टाही राहू दिला नाही. आत छोटी ट्यूब सरकवली, बाहेरच्या पाईपला भोकं पाडून त्यातून आतली ट्यूब भरून घेतली, आणि सांधा सरळ आडवा न घेता तिरका कापून घेतला, म्हणजे वेल्डची रेघ वाकण्याच्या आडवी येत नाही. त्यावर आधाराची पट्टी लावली ती पाईपच्याच जाडीची, दोन्ही टोकांना निमुळती, बाभळीच्या शेंगेसारखी नाही तर कडुनिंबाच्या पानासारखी. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली होती आणि बॅटरीची वायर काढली होती, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

रॉड साधाच, 6013, अडीच मिलिमीटरचा. भारी 7018 मिस्त्रींकडे होता, पण पोळ्याचे दिवस म्हणजे भर पावसाळा, आणि तो रॉड भट्टीत कडकडीत वाळवलेला नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. मऊ, पातळ पाईपला 6013 पुरतो. आणि एक. वेल्ड झाल्यावर दुकानातला पोरगा सवयीनं पाण्याचा मग घेऊन आला, गाडी लवकर न्यायची असते ना लोकांना. मिस्त्रींनी त्याला नुसतं बघितलं. पोरगा मग घेऊन परत गेला. मऊ लोखंडाला त्या पाण्यानं फारसं काही झालं नसतं. पण दिवसभरात कोणाचं लोखंड कुठलं, याचा हिशोब त्या पोरानं कुठे ठेवायचा?

ही चीर मागे होती म्हणून हे सगळं केलं. हँडलच्या गळ्याशी चीर असती तर मी मामाला गाडी भंगारात घाल म्हटलं असतं आणि मामीला माझ्या बाजूनं उभं केलं असतं. मागचा पाईप तुटायच्या आधी गाडी झोले खाऊन सांगते. गळा सांगत नाही. शिवाय चेसी नंबर तिथे असतो, तिथे ग्राइंडर चालवला की आरटीओकडे काय उत्तर देणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेत मनानं बदल करता येत नाही. तुटलेलं होतं तसं जोडणं वेगळं आणि नवीन काहीतरी रचणं वेगळं, हे कॅनच्या सांगाड्याच्या बाबतीत मामाला पटवायला मला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी तडजोड झाली. सांगाडा आता पुढे सरकवून घेतलाय, म्हणजे वजन मागच्या चाकाच्या मागे लोंबत नाही. कॅन वीस-वीस लिटरचे. दोन खेपा होतात, पेट्रोल जास्त लागतं, आणि मामा फोनवर दर वेळी तो हिशोब ऐकवतो. नात मात्र दुसऱ्या खेपेला, म्हणजे अर्धा तास उशिरा उठून जाते, त्यामुळे ती माझ्यावर खूष आहे.

त्या सांध्यावर जाड रंग मुद्दाम दिला नाही, रेड ऑक्साइडचा पातळ हात दिला. महिन्यातून एकदा मामा तिथे डिझेलचा बोळा फिरवतो, कोरडं पुसतो आणि वरून खडूची पूड लावतो. चीर असेल तर आत गेलेलं डिझेल पुडीतून रेघ होऊन वर येतं. पूर्वी हे रॉकेलनं करायचे, आता रॉकेल शोधत कोण फिरणार. पोळ्यापासून आजपर्यंत रेघ आलेली नाही. खडू नात शाळेतून आणते. बाईंना विचारून आणते का, ते मी विचारलेलं नाही.